दहावीच्या इंग्रजी उताऱ्याची तयारी: मराठी माध्यमाच्या मुलांकडून ती कोणत्या क्रमाने करून घ्यावी

मराठी माध्यमात दहावीला तृतीय भाषा इंग्रजी शिकवताना एक चित्र मला दरवर्षी दिसतं. पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यावर दहापैकी आठ गुण मिळवणारी मुलगी अपठित, म्हणजे आधी न पाहिलेल्या, उताऱ्यावर तीन-चारवर येते. घरचे म्हणतात, शब्दसंग्रह कमी पडतोय. मग शब्दांच्या याद्या पाठ होतात, आणखी एक गाईड येतं आणि पूर्वपरीक्षेत गुण पुन्हा तेवढेच पडतात.

तिने पाठ्यपुस्तकातला उतारा कधी वाचलेलाच नसतो, हे आपल्या लक्षात येत नाही. तो तिला वर्गात मराठीतून समजावून सांगितलेला असतो आणि त्याची उत्तरं फळ्यावरून किंवा गाईडमधून तिच्या वहीत गेलेली असतात. स्वतः वाचून अर्थ लावायची वेळ तिच्यावर पहिल्यांदा येते ती परीक्षेच्या खोलीत. म्हणून वर्षभर उतारे शिकवत बसण्याऐवजी तिला वाचायला शिकवावं लागतं, आणि त्याचा क्रम ठरलेला आहे. तो उलटा केला की मेहनत वाया जाते.

सध्याच्या आराखड्यात लेखी कृतिपत्रिका (म्हणजे प्रश्नपत्रिका, तिच्यातल्या प्रश्नांना ‘कृती’ म्हणतात) ८० गुणांची आहे. पाठ्यपुस्तकातल्या दोन उताऱ्यांना प्रत्येकी १०, कवितेच्या ओळींवरच्या कृतींना ५, अपठित उताऱ्याला १० आणि त्याच उताऱ्याच्या समरीला (सारांशाला) ५ गुण असतात. हे झाले ४०. म्हणजे अर्धा पेपर वाचून समजण्यावर उभा आहे. हा लेख त्याच अर्ध्याबद्दल आहे. पत्र, भाषण, रसग्रहण आणि भाषांतराची तयारी वेगळी करायची असते.

## टप्पा १: मूल नेमकं कुठे अडतं ते आधी पाहा

आठवीच्या इंग्रजी पुस्तकातला, त्याने बऱ्याच दिवसांत न पाहिलेला एक परिच्छेद घ्या. दहा-बारा ओळी पुरेत. आधी मोठ्याने वाचायला सांगा. मग पुस्तक मिटून ‘काय झालं ते मराठीत सांग’ म्हणा. मध्ये बोलू नका, शब्द पुरवू नका.

तीन प्रकारची मुलं दिसतात. काहींना वाचतानाच अडखळायला होतं. अशा मुलाचं सगळं बळ अक्षरं जुळवण्यात जातं, अर्थासाठी काही उरत नाही. त्याला आत्ताच प्रश्न सोडवायला बसवू नका. महिनाभर रोज दहा मिनिटं सहावी-सातवीच्या पुस्तकातलं सोपं प्रकटवाचन करून घ्या. दुसरा प्रकार सरळ वाचतो, पण मराठीत सांगताना गोष्ट भलतीच होते. त्याला ओळखीचे चार शब्द दिसतात आणि मधलं तो मनाने भरतो. आपल्या वर्गात बहुतेक मुलं या प्रकारात असतात आणि पुढचे टप्पे मुख्यतः त्यांच्यासाठी आहेत. तिसऱ्या प्रकाराला गोष्ट नीट कळते, पण उत्तर इंग्रजीत लिहिता येत नाही. त्याने टप्पा ३ भराभर उरकावा आणि टप्पा ६ वर बराच काळ थांबावं.

सावधान: ‘समजलं का?’ असं विचारू नका. मुलं हो म्हणतात. ‘सांग’ म्हणा.

## टप्पा २: साहित्य जमवा

वीस-पंचवीस अपठित उतारे लागतील. बालभारतीची आठवी-नववीची इंग्रजी पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. त्यातले वर्गात न घेतलेले भाग काढा. बोर्डाच्या मागच्या वर्षांच्या कृतिपत्रिका घ्या. सोपे आधी, अवघड नंतर असे लावून ठेवा.

सोबत पेन्सिल, एक शब्दकोश आणि एक जाडजूड वही असू द्या. ही वही फक्त चुकांची. उत्तरं छापलेलं पुस्तक मुलाच्या हाताशी नको. अडलं की मागचं पान उलटायची सवय एकदा लागली की ती मोडायला वर्ष जातं.

## टप्पा ३: मोठे शब्द राहू द्या, छोटे शब्द पक्के करा

घोकंपट्टी नेहमी मोठ्या शब्दांची होते आणि गुण जातात छोट्या शब्दांत. मोठा शब्द अडला तर मूल निदान थांबतं. छोटा शब्द त्याला आपला वाटतो, म्हणून ते न थांबता चुकीच्या दिशेने पुढे निघून जातं.

ही माझ्या वर्गातली नेहमीची यादी:

- हार्डली: मुलं ‘हार्ड’शी जोडतात आणि ‘कष्टाने’ म्हणतात. अर्थ आहे ‘क्वचितच, जवळजवळ नाहीच’. वाक्य नकारार्थी होतं.
- फ्यू आणि अ फ्यू: पहिल्यात ‘फारसे नाहीत’, दुसऱ्यात ‘थोडे आहेत’.
- टू … टू: ‘टू टायर्ड टू वॉक’ म्हणजे इतका दमलेला की चालता येत नव्हतं. वाक्यात ‘नॉट’ कुठेच नाही, तरी अर्थात नकार आहे.
- अनलेस: ‘जर नाही तर’. मुलं नुसतं ‘जर’ घेतात आणि अट उलटी होते.
- इन्स्टेड ऑफ, रादर दॅन: पुढे जे येतं ते केलेलं नसतं.
- येट, ऑलदो: अपेक्षा मोडणारे शब्द. ‘व्हाय’च्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा यांच्या आसपास सापडतं.
- सिन्स: कधी ‘पासून’, कधी ‘कारण’.
- द लेट: माणसाच्या नावाआधी आला तर ‘कैलासवासी’. उशिरा आलेला नव्हे.
- यूज्ड टू: पुढे क्रियापद आलं तर पूर्वीची सवय. ‘वापरलं’ नव्हे.

रोज दोन शब्द घ्या. प्रत्येकाची दोन वाक्यं: एक पुस्तकातलं, एक मुलाने स्वतः घरातल्या गोष्टीवर केलेलं. आठवडाभरात यादी संपते. पाठांतर घेऊ नका. ‘अनलेस’ घालून वाक्य द्या आणि मराठीत अर्थ सांगायला लावा.

तपासा: ‘फ्यू पीपल केम’ ऐकल्यावर मुलगा ‘थोडी माणसं आली’ म्हणून थांबतो, की ‘फारशी कुणी आलीच नाहीत’ म्हणतो? दुसरं उत्तर येईपर्यंत पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: उतारा वाचण्याचा क्रम

आधी प्रश्न वाचावेत की उतारा, यावर शिक्षकांमध्ये वाद आहेत. माझं मत अनुभवावरून असं झालं आहे: प्रश्नांवरून एकदा नजर फिरवावी, पण त्यांची उत्तरं शोधत उताऱ्यात शिरू नये. प्रश्न हातात धरून मधूनच उतारा वाचणारं मूल प्रश्नातला शब्द जिथे दिसेल तिथलं वाक्य उचलतं आणि उतरवून काढतं. सगळ्यात जास्त गुण या एका सवयीने जातात.

१. कृती १ ते ५ वरून नजर फिरवा, अर्धा मिनिट. उतारा कशाबद्दल आहे एवढं कळलं की पुरे.

२. उतारा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मूकवाचनाने वाचा. अडलेल्या शब्दावर थांबायचं नाही.

३. आता मराठीत एकच वाक्य मनात म्हणा: कोण, काय, कुठे. ‘एका आजीने पाणी नसताना बाग जगवली.’ हे वाक्य होत नसेल, तर पुन्हा वाचा. लिहायला घेऊ नका.

४. दुसरं वाचन पेन्सिल घेऊन. प्रत्येक ‘ही, शी, इट, देम, दिस’ कुणासाठी आला आहे ते त्याच्या वर बारीक अक्षरात लिहा.

चौथी पायरी कंटाळवाणी वाटते आणि मुलं ती टाळतात. सुरुवातीचे आठ-दहा उतारे तरी ती सोडू देऊ नका. मराठीत ‘तो, ती, ते’ आणि क्रियापदाचं रूप मिळून कर्ता दाखवतात. इंग्रजीत ‘देम’ भाज्यांसाठी आहे की शेजाऱ्यांसाठी, हे मागे जाऊनच पाहावं लागतं.

## टप्पा ५: पुराव्याची ओळ

सगळ्या तयारीचं मर्म इथे आहे, म्हणून उदाहरण घेऊनच सांगतो. वर्गासाठी मी केलेला हा एक छोटा उतारा:

*माय ग्रँडमदर हार्डली एव्हर बॉट व्हेजिटेबल्स. शी ग्रू देम बिहाइंड द हाउस अँड गेव्ह द रेस्ट टू द नेबर्स. वन समर द वेल ड्राइड अप, येट शी डिड नॉट अबॅन्डन द गार्डन. शी सेव्ह्ड द वॉटर इन विच शी हॅड वॉश्ड राइस अँड पोअर्ड इट ऑन द प्लांट्स एव्हरी इव्हिनिंग.*

नियम एकच. उत्तर लिहिण्याआधी मुलाने उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, ‘या ओळीमुळे.’ बोट ठेवता येत नसेल तर ते उत्तर नाही, अंदाज आहे.

चूक की बरोबर: ‘द ग्रँडमदर ऑफन बॉट व्हेजिटेबल्स.’ पुरावा पहिल्या वाक्यात, ‘हार्डली एव्हर’मध्ये. उत्तर चूक. अशा विधानांमध्ये ‘ऑल, ओन्ली, ऑलवेज, नेव्हर’ आले की मुलाला तिथे थांबायला शिकवा. उतारा म्हणतो ‘काही’ आणि विधान म्हणतं ‘सगळे’, एवढाच फरक पुष्कळदा असतो.

कारण: ‘व्हाय डिड द ग्रँडमदर सेव्ह द वॉटर?’ दहापैकी सहा मुलं शेवटचं वाक्य जसंच्या तसं लिहितात, कारण ‘सेव्ह’ आणि ‘वॉटर’ हे दोन्ही शब्द तिथेच आहेत. पण ते वाक्य कोणतं पाणी साठवलं ते सांगतं. का साठवलं ते त्याच्या आधीच्या वाक्यात आहे: विहीर आटली होती आणि तिला बाग सोडायची नव्हती. प्रश्नातला शब्द जिथे सापडतो तिथून एक वाक्य वर आणि एक वाक्य खाली वाचायचं, हा नियम मुलांच्या अंगवळणी पडायला हवा. ‘व्हाय’च्या प्रश्नाला तर नक्कीच.

सर्वनाम: ‘पोअर्ड इट’मधला ‘इट’ म्हणजे तांदूळ नव्हे, तांदूळ धुतलेलं पाणी. ‘इट’च्या सगळ्यात जवळचा शब्द ‘राइस’ आहे, म्हणून मुलं फसतात.

संदर्भाने अर्थ: ‘द रेस्ट’ला मुलं विश्रांती म्हणतात. आजीने शेजाऱ्यांना विश्रांती दिली, हे वाक्य त्यांना स्वतःच्या तोंडाने मराठीत म्हणायला लावा, ती लगेच दुरुस्त करतात: उरलेल्या भाज्या. ‘अबॅन्डन’ कुणालाच माहीत नसतो. विचारा: विहीर आटली, मग ‘येट’, मग ती रोज पाणी घालते. म्हणजे बागेचं तिने काय केलं नाही? ‘सोडून दिली नाही,’ वर्ग एका सुरात म्हणतो. शब्दकोश त्यानंतर उघडायचा, खात्री करायला.

या टप्प्यावर किमान आठ उतारे करा. उत्तरं इंग्रजीत लिहून घेऊ नका. तोंडी, मराठीत चालेल. फक्त समासात ओळीचा क्रमांक लिहायचा. वाचणं आणि लिहिणं एकाच वेळी शिकवायला गेलं की दोन्ही कच्ची राहतात.

सावधान: या काळात घड्याळ लावू नका. घाईत मूल पुन्हा शब्द जुळवायला लागतं.

## टप्पा ६: आता उत्तर लिहायचं

पुरावा सापडला तरी गुण जातात, आणि तेही ठरलेल्या चार जागी.

‘आय’ तसाच राहतो. उतारा ‘माय ग्रँडमदर’ म्हणतो आणि मूल उत्तरातही ‘माय’ लिहितं. जणू आजी त्याचीच. उत्तरात ‘आय’चा ‘द रायटर’ आणि ‘माय’चा ‘द रायटर्स’ झाला पाहिजे.

‘डिड’ काढताना क्रियापद बदलत नाही. ‘व्हाय डिड शी सेव्ह’ याचं उत्तर ‘शी सेव्ह्ड’ ने सुरू होतं. मुलं ‘शी डिड सेव्ह’ किंवा नुसतं ‘शी सेव्ह’ लिहितात. रोज पाच प्रश्न फक्त याच बदलासाठी द्या. पुढचं उत्तर लिहायची गरज नाही.

‘बिकॉज’पासून सुरुवात. बोलताना ठीक, लिहिताना वाक्य अर्धं राहतं. प्रश्नातला कर्ता आणि क्रिया आधी, कारण नंतर: ‘शी सेव्ह्ड द वॉटर बिकॉज द वेल हॅड ड्राइड अप अँड शी वॉन्टेड टू कीप द गार्डन अलाइव्ह.’

मागितलं त्यापेक्षा जास्त. वेब (मध्ये विषय आणि भोवती चौकोन असलेली आकृती) किंवा तक्ता पूर्ण करताना शब्द किंवा शब्दसमूह पुरतो. मुलं चौकोनात पूर्ण वाक्यं कोंबतात आणि वेळ घालवतात. उलट आकृती अर्धीच काढून नुसती उत्तरं लिहिणारीही असतात. आकृती पूर्ण काढायची आणि उत्तरं तिच्या आतच लिहायची.

शब्दसंग्रह आणि व्याकरणाच्या कृतींबद्दल थोडक्यात. उताऱ्यातून शब्द शोधायला सांगितला असेल तर तो उताऱ्यातलाच हवा, आठवणीतला समानार्थी चालत नाही. वाक्यरूपांतरात सूचनेत जेवढं म्हटलं तेवढंच बदला, बाकी वाक्य जसंच्या तसं उतरवा. उतरवताना शब्द गाळण्यानेच इथे गुण जातात.

## टप्पा ७: स्वतःचं मत विचारणारी कृती

पाचवी कृती २ गुणांची असते आणि तिचं उत्तर उताऱ्यात नसतं. ‘हाऊ कॅन यू सेव्ह वॉटर अॅट होम?’ असं विचारलं की मुलं आजीचीच गोष्ट पुन्हा लिहितात. दुसऱ्या टोकाची मुलं पाण्यावरचा पाठ केलेला निबंध सुरू करतात.

तीन-चार वाक्यं पुरतात: माझं उत्तर, त्याचं कारण आणि माझ्या घरातलं एक खरं उदाहरण. खरं उदाहरण लिहिताना वाक्यं आपोआप सोपी होतात आणि सोप्या वाक्यात चुका कमी होतात. टँकर येतो त्या दिवशी घरात काय होतं, हे लातूरच्या किंवा माणदेशातल्या मुलीला कुणी शिकवावं लागत नाही. तिला एवढंच सांगावं लागतं की हे लिहिलेलं चालतं.

## टप्पा ८: समरी

समरी सगळ्यात शेवटी, वाचन पक्कं झाल्यावरच. आधी घेतली तर मुलं उताऱ्यातली पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्यं जोडून देतात. त्यांनाही ती समरीच वाटते.

१. प्रत्येक परिच्छेदाचा मुद्दा मराठीत पाच-सहा शब्दांत लिहा.

२. उदाहरणं, संवाद, आकडे, विशेषणं काढून टाका. काढल्यावरही अर्थ टिकतो का ते पाहा.

३. उतारा बंद करा. मराठी मुद्द्यांवरून इंग्रजी वाक्यं लिहा. उतारा उघडा राहिला की हात आपोआप नक्कल करतो, म्हणून सरावात ही पायरी सोडू नका.

४. आता उतारा उघडा आणि नावं, काळ, राहिलेला मुद्दा तपासा. लांबी मूळ उताऱ्याच्या साधारण एक तृतीयांश.

५. शीर्षक शेवटी द्या. ‘वॉटर’ हे शीर्षक फार ढोबळ झालं. ‘अ गार्डन सेव्ह्ड’मध्ये काय घडलं ते येतं.

तपासा: समरीत ‘आय थिंक’ आहे का? असेल तर खोडा. समरीत आपलं मत नसतं. शीर्षक लिहायचं राहिलं का? हे विसरणारी मुलं दरवर्षी भेटतात.

## टप्पा ९: घड्याळ आणि चुकांची वही

दिवाळीनंतर घड्याळ लावा. पाठ्यपुस्तकातल्या प्रत्येक उताऱ्याला २० मिनिटं, अपठित उताऱ्याला २५, समरीला १५, कवितेच्या ओळींना १०. एकूण दीड तास, म्हणजे तीन तासांचा निम्मा वेळ, निम्म्या गुणांसाठी. पहिल्यांदा वेळ पुरणार नाही. तेव्हा लिहिण्याचा वेग वाढवायला सांगू नका. तिसऱ्यांदा-चौथ्यांदा उतारा वाचण्यात वेळ जातोय का ते पाहा. बहुतेकदा तिथेच जातो.

प्रत्येक सरावानंतर चुकांच्या वहीत तीन रकाने: काय लिहिलं, पुराव्याची ओळ कोणती होती, का चुकलं. तिसऱ्या रकान्यात ‘दुर्लक्ष झालं’ असं लिहिलेलं मी मान्य करत नाही. ‘हार्डली सुटला’, ‘इट कुणासाठी ते पाहिलं नाही’, ‘वरचं वाक्य वाचलं नाही’ असं नेमकं हवं. पाच-सहा सरावांनंतर मुलाला स्वतःलाच दिसतं की चुका वीस नाहीत, त्याच दोन-तीन पुन्हा पुन्हा होताहेत. त्या दिवसापासून तयारीला वेग येतो.

सावधान, आणि हे फार कमी ठिकाणी सांगितलं जातं: बोर्डाच्या परीक्षेत प्रश्नपत्रिकेवर खुणा किंवा उत्तरं लिहायची नसतात. वर्षभर पेन्सिलीने खुणा करणारं मूल तिथे अचानक हातातलं काढून घेतल्यासारखं गोंधळतं. म्हणून पूर्वपरीक्षेच्या महिनाभर आधी पेन्सिल बंद करा. ओळीवर बोट ठेवून वाचायचं, सर्वनाम मनात सोडवायचं. सवय मुरलेली असेल तर पेन्सिलीवाचून अडत नाही.

## टप्पा १०: परीक्षेच्या खोलीत

पेपर हातात आल्यावर सगळ्यात आधी वरच्या सूचना वाचायच्या. मग पाठ्यपुस्तकातले उतारे सोडवा, पण ते ओळखीचे आहेत म्हणून न वाचता नव्हे. पाठ केलेलं उत्तर लिहिण्याआधी प्रश्न तोच आहे का ते बघा. एका शब्दाने प्रश्न बदललेला असतो आणि उत्तर मात्र गाईडमधलं जुनंच येतं. अपठित उतारा आणि समरी लागोपाठ सोडवा. मध्ये पत्र लिहायला गेलात तर परत आल्यावर उतारा पुन्हा वाचावा लागतो.

एखादी कृती तीन मिनिटांत सुटली नाही तर तिच्या क्रमांकापुढे जागा सोडा आणि पुढे चला. शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा आणि त्यात फक्त हे बघा: कृतींचे क्रमांक प्रश्नपत्रिकेप्रमाणे आहेत का, सोडलेल्या जागा भरल्या का, उत्तरात कुठे ‘माय’ राहून गेला का आणि समरीवर शीर्षक आहे का.